सतरा नंबरची स्लाइड

"सतरा नंबर म्हणजे पाचवा महिना," मी मायक्रोस्कोपवरून डोळे न काढता म्हणाले. "लिही."

त्रिशलानं फळ्यावर खडूनं लिहिलं, '१७ – पाचवा महिना', आणि हात झटकत विचारलं, "सहावा का नाही, अक्का?"

"सहाव्यात याहून जास्त दिसतात. मला शिकवू नकोस."

ती हसली. तिचं हसणं मोठं होतं, संस्थेच्या कॉरिडॉरपर्यंत ऐकू जायचं.

हा आमचा शनिवारचा खेळ. साल अठ्ठ्याऐंशी, जुलै महिना. मिरजेतल्या एका संशोधन संस्थेत मी बारा वर्षं टेक्निशियन होते आणि त्रिशला चौगुले जूनमध्ये माझ्या हाताखाली लागली होती. बी.एस्सी. झालेली, तेवीस वर्षांची, रोज शिरोळहून बसनं यायची. रक्ताच्या नळ्यांवर फक्त नंबर असायचे. कुठला नंबर कुणाचा हे डॉक्टर बर्व्यांच्या वहीत. आम्ही आधी पेशी मोजायच्या आणि मग वही उघडायची, म्हणजे मोजणाऱ्याच्या मनात आधीपासून काही भरलेलं नसतं. वही उघडण्याआधी मी माणूस ओळखून दाखवायची. माझा अंदाज सहसा चुकत नसे, आणि ते मला जरा जास्तच ठाऊक होतं.

काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं संप्रेरक. ते धरून ठेवणारी जागा, म्हणजे रिसेप्टर, गर्भाशयात असते हे सगळ्यांना माहीत होतं. पण डॉक्टरांचं म्हणणं असं, की शरीरात काही परकं आलं की रक्तातल्या पांढऱ्या लढाऊ पेशीही हा रिसेप्टर तयार करतात. बाईच्या पोटातलं मूल अर्धं बापाचं, म्हणजे तिच्या शरीराला परकंच. म्हणून गर्भार बायांच्या पेशी आम्ही तपासायचो. ज्यांना दुसऱ्याचं रक्त चढवलंय त्यांच्याही, आणि ज्यांना दुसऱ्याची किडनी बसवलीय त्यांच्याही. रिसेप्टर असलेल्या पेशीचं केंद्र रंग दिल्यावर तपकिरी व्हायचं, बाकीच्या निळ्या राहायच्या. पाहुणे आले की हे सगळं मी त्यांना तोंडपाठ सांगायची. परकं म्हणजे तीन प्रकारचं, असं तीन बोटं दाखवून सांगायची.

तुलनेला ज्यांच्यात परकं काहीच गेलेलं नाही अशी माणसं लागत, त्यांना आम्ही 'कंट्रोल' म्हणायचो. ती आणायची कुठून? मग आम्हीच बाही वर करायचो. डॉक्टर, मी, पहारेकरी, आणि आता त्रिशला. प्रत्येकाचा एक फॉर्म असायचा. त्यावर तीन प्रश्न: गर्भारपण, रक्त चढवणं, दुसऱ्याचा अवयव. समोर 'होय' किंवा 'नाही', खाली सही. बाहेरून आलेल्या बायांना मी समोर बसवून एकेक प्रश्न विचारायची. घरच्या माणसांचे फॉर्म मात्र चहा पिता पिता एकगठ्ठा भरून टाकायची. नाही, नाही, नाही. मग सहीपुरते पुढे करायचे.

डॉक्टर तेव्हा सहा आठवड्यांसाठी परदेशी गेले होते. जाताना वहीच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली होती. पाचच्या बसला उशीर नको म्हणून त्रिशला निघाली आणि मी वही उघडली.

सतरा नंबर कंट्रोलमधला होता. पुढे डॉक्टरांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'कु. त्रि. चौगुले'.

मी आधी फळा पुसला. तिच्याच हातानं तिनं ते लिहिलं होतं.

आता हे मला एवढं का लागलं, ते सांगायला हवं. त्रिशला माझी नुसती हाताखालची मुलगी नव्हती. माझ्या भावाची, अजितची, बायको होणार होती. आमचे वडील गेले तेव्हा अजित नऊ वर्षांचा होता. विसाव्या वर्षी मी मिळेल ती नोकरी धरली आणि माझं लग्न राहून गेलं. राहून गेलं असं लोक म्हणतात, मीही म्हणते. त्याला शिकवला, इचलकरंजीच्या सूतगिरणीत सुपरवायझर झाला. त्याच्यासाठी स्थळं मी पारखून घेत होते, आणि चौदा स्थळांना नावं ठेवून झाल्यावर ही मुलगी आपल्या पायानं माझ्या टेबलाशी आली. आपल्याच समाजातली, हुशार, कामाला वाघ. मीच शिरोळला निरोप धाडला. पाहायला गेलो तेव्हा आमच्या आईनं एवढंच विचारलं होतं, की मुलीचे केस एवढे आखूड कसे? तिची आई म्हणाली, एप्रिलमध्ये मोठा टायफॉइड झाला, केस गेले, येतील. आईचं समाधान झालं. अजित तर पहिल्या भेटीतच गप्प झाला होता, आणि तो आवडलं की गप्प होतो. पर्युषण झालं की साखरपुडा, असं ठरलं. त्या दिवसापासून त्रिशला मला 'बाई' म्हणायची ती 'अक्का' म्हणायला लागली. मला ते गोड वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

सोमवारी मी तिला म्हणाले, "कंट्रोलच्या स्लाइड बिघडल्यात. पुन्हा रक्त लागेल."

"घ्या की अक्का, हवं तेवढं," म्हणून तिनं दंड पुढे केला.

तिला शंका यायला नको म्हणून मी स्वतःचंही काढलं. दोन्ही स्लाइड एकदम रंगवल्या. माझी नेहमीसारखी निळी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळी. तिच्यात तपकिरी पेशी भिजवलेल्या मटकीसारख्या ठसठशीत दिसत होत्या. मी पाचशे मोजल्या. पुन्हा पाचशे मोजल्या. आकडा तोच आला. माझ्या त्या निळ्या स्लाइडचा मला त्या दिवशी अभिमान वाटला, हेही सांगून टाकते. अडतिसाव्या वर्षी अभिमान वाटायला माझ्याकडे दुसरं फारसं नव्हतं.

पोट तर दिसत नव्हतं. मग मी मनाशी हिशेब जुळवला. टायफॉइड कसला, पाडून घेतलं असणार. एप्रिलमधलं आजारपण ते हेच. घरच्यांनी टायफॉइडचं नाव पुढे केलं. एकदा असं बघायला लागल्यावर सगळंच जुळत गेलं. तिचं मोठ्यानं हसणंसुद्धा.

तिला एक प्रश्न विचारायचा, हे माझ्या डोक्यात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण स्लाइडनं सांगितल्यावर माणसाला काय विचारायचं?

रविवारी अजित घरी आला. आई देवळात गेली होती. तो ओट्यावर बसून उकडलेल्या शेंगा सोलत होता. मी त्याच्यासमोर बसले आणि सांगितलं. आडपडदा ठेवला नाही.

त्याचे हात थांबले. "नक्की, अक्का?"

"दोनदा बघितलंय. हजार पेशी मोजल्यात."

"तिला विचारलीस काय?"

"काय विचारू? आणि विचारलं तर कुठली मुलगी हो म्हणेल?"

"म्हणजे ती नाही म्हणाली असती, तरी तू..."

"अजित, माणूस खोटं बोलतं. स्लाइड बोलत नाही."

तो बराच वेळ टरफलं गोळा करत बसला. एकदा म्हणाला, "मी जाऊन येऊ काय शिरोळला?" मी म्हणाले, "जा. जाऊन काय विचारणार ते आधी मला सांग."

"तू म्हणशील तसं," शेवटी तो म्हणाला. हे वाक्य तो नऊ वर्षांचा असल्यापासून म्हणत आला होता. मीच त्याला तसा वाढवला होता.

आईला आम्ही खरं सांगितलं नाही. नव्या जोतिषाला पत्रिका दाखवली, दोष निघाला, असं तिलाही सांगितलं आणि शिरोळलाही कळवलं. मुलीच्या अब्रूचा प्रश्न आहे, मी कुणाकडे ब्र काढला नाही, म्हणून मी स्वतःला फार थोर समजत होते.

निरोप पोचला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्रिशला वेळेवर कामावर आली. नळ्या लावल्या, मशीन सुरू केलं. दुपारी डबा खाताना म्हणाली, "बाई, एक विचारू?"

अक्काची बाई झाली होती.

"विचार."

"माझं काही चुकलं का? वागण्याबोलण्यात?"

"नाही गं. पत्रिकेचं आहे. आपल्या हातात असतं का ते?"

"तुम्ही तर पत्रिका मानत नाही म्हणाला होता."

"आई मानते," मी म्हणाले.

तिनं डब्याचं झाकण लावलं. चपाती अर्धी तशीच होती. नंतर महिनाभर ती कामापुरतं बोलली आणि ऑगस्टअखेर राजीनामा देऊन गेली. त्या महिन्यात तिचं हसणं कॉरिडॉरमध्ये काय, खोलीतसुद्धा ऐकू आलं नाही. आता कुठल्या तोंडानं हसेल, असं मी मनात म्हणत होते.

डॉक्टर बर्वे सप्टेंबरात परत आले. सगळे आकडे घेऊन बसले आणि सतरावर त्यांचं बोट थांबलं.

"विमलताई, हा कंट्रोल पॉझिटिव्ह कसा?"

"मी दोनदा केलाय सर. बरोबर आहे."

"बरोबर असेल हो. पण कसा? फॉर्म बघू."

मी फॉर्म काढून दिला. त्यांनी चष्मा वर सरकवला. "अक्षर तुमचं आहे."

"सगळ्यांचे मीच भरते."

"तिला विचारून भरलात?"

मी म्हणाले, "आपल्याच माणसांना काय विचारायचं सर. लग्न न झालेली मुलगी."

"तो एक प्रश्न झाला," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "उरलेल्या दोहोंचं काय? तिला हल्लीच टायफॉइड झाला होता ना? नोकरीच्या अर्जाला दवाखान्याचा दाखला होता. वाईट टायफॉइडमध्ये आतड्यातून रक्त जातं. रक्त चढवलं होतं का तिला?"

पाहुण्यांना दाखवायची ती तीन बोटं मला आठवली. बारा वर्षं मी ती दाखवत होते. आमच्या तक्त्यात दुसरा गट रक्त चढवलेल्यांचाच होता, अकरा माणसं, तो तक्ता मीच आखला होता. आणि त्रिशलाच्या बाबतीत मला एकच बोट दिसलं होतं. डॉक्टरांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

"जाऊन विचारून या," ते म्हणाले. "फॉर्म घेऊन जा. चूक दुरुस्त करून तिची सही आणा. मग तिला दुसऱ्या गटात घालू."

त्यांना साखरपुड्याचं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी तेवढीच चूक होती.

जायच्या आधी मी अजितला सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "म्हणजे ती तशी नाही?"

"नसावी."

"मग विचार ना त्यांना, अजून तयार आहेत काय ते. माझी काही हरकत नाही." त्याच्या चेहऱ्यावर दोन महिन्यांत पहिल्यांदा हुशारी आली. मला त्याचा राग आला, आणि लगेच कळलं की त्याच्यावर रागवायचा अधिकार जगात सगळ्यात कमी कुणाला असेल तर मला.

शिरोळला त्यांचं घर बस स्टँडपासून जवळच. त्रिशलाची आई दारात तांदूळ निवडत होती. मला बघून तिनं सूप बाजूला सारलं. "या की बाई. बसा," म्हणाली, पण आवाजात ओल नव्हती. मी संस्थेच्या कामासाठी आले असं सांगितलं आणि टायफॉइडचा विषय काढला.

"इचारू नका," ती म्हणाली. "आतडं फुटल्यालं पोरीचं. रक्त थांबंना. वखारीतल्या दोन हमालांनी रक्त दिलं बघा, दोन बाटल्या. तवा हाताला लागली. त्यांची नावंबी ठावं न्हाईत आमाला. कुणी का असनात, देव आलं म्हनायचं."

तेवढ्यात त्रिशला आतून आली. केस आता कानांखाली आले होते. जयसिंगपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होती. तिची आई चहा टाकायला आत गेली.

मी घरून वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही कामाला आलं नाही. मी सांगितलं, स्लाइड तिची होती, मी काय समजले, अजितला काय सांगितलं. माफी मागितली. ती उभीच होती. मी बोलत गेले तशी ती हळूच खाली बसली.

"म्हणजे पत्रिकेचं नव्हतं," ती म्हणाली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दोन महिने ती पत्रिकेला बोल लावून झोपत होती, आणि मी येऊन तेही काढून घेतलं.

"फळ्यावर मी लिहिलं होतं. पाचवा महिना," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा रक्त घेतलंत ते त्यासाठी?"

"हो."

"सुई टोचताना मी तुमच्यासमोरच बसले होते, बाई. अर्धा हात अंतरावर."

मी पर्स मांडीवर ओढून घेतली.

"अजितराव काय म्हणाले, तुम्ही सांगितल्यावर?"

"तुला विचारलं का, असं म्हणाला."

"आणि मग?"

"मग काही नाही म्हणाला."

"आणि आता?"

मला ते सांगायची लाज वाटली, पण सांगितलं. "आता त्याची हरकत नाही."

ती हसली. ते तिचं पूर्वीचं हसणं नव्हतं. "त्यांना सांगा, माझी आहे."

मी पर्समधून फॉर्म काढला. घरी परत न्यायला निदान तेवढं तरी मिळावं, असं वाटलं असेल. "डॉक्टरांनी दुरुस्ती करून मागितलीय," म्हणाले. "दुसरा रकाना. तुझ्या हातानं."

तिनं फॉर्म घेतला, माझं पेन घेतलं. दुसऱ्या प्रश्नापुढचं माझं 'नाही' सरळ रेघेनं खोडलं आणि 'होय, दोन बाटल्या, एप्रिल' असं लिहिलं. तिसऱ्यापुढचं 'नाही' वाचून तसंच ठेवलं. मग पेन वर गेलं. पहिल्या प्रश्नापुढचं 'नाही'सुद्धा तिनं खोडलं.

मी तिच्याकडे बघत राहिले.

"हे तुम्ही लिहिलं होतंत," ती म्हणाली. "मी नाही. मला कुणी विचारलंच नव्हतं."

"अगं पण..."

"बाहेरच्या बायांना समोर बसवून विचारता ना? विचारा मला. तुम्ही विचारा, मी उत्तर देते. जे असेल ते लिहिते आणि सही करते."

तिनं पेन त्या जागेवर टेकवून धरलं. आत कपबशा वाजत होत्या. हा प्रश्न मी बारा वर्षांत शेकडो बायांना विचारला होता, कधी हसत, कधी घाईत, कधी त्यांच्याकडे न बघता. एवढेच शब्द उच्चारायचे होते. पण तिच्या डोळ्यांत बघून मला ते उच्चारता येईनात. ती नाही म्हणाली असती तर मी कुणाला काय सांगितलं होतं, ते माझ्या अंगावर येणार होतं. आणि हो म्हणाली असती, तर तिला नाकारायला तेवढं पुरे असं मी ज्या सहजपणे धरून चालले होते, तेही माझ्याच अंगावर येणार होतं. ती वाट बघत होती. तिची आई चहा घेऊन आली, तेव्हा तिनं पेनाचं टोपण लावलं, खाली सही केली आणि कागद माझ्या हातात दिला.

"चहा घेऊन जा," म्हणाली आणि आत गेली.

मी चहा घेतला. दूध आटवून घट्ट केलेला, पाहुण्याला करतात तसा चहा होता. तो सगळा संपवला.

अजितचं पुढच्या वर्षी दुसरीकडे लग्न झालं. मुलगी मी पाहिली नाही. तो म्हणाला, "अक्का, तू ये ना बघायला," आणि मी गुडघा दुखतोय असं सांगितलं. आता या सगळ्याला छत्तीस वर्षं झाली. त्रिशलाचं पुढे काय झालं हे मी कुणाला विचारलेलं नाही, मिरज-शिरोळ अंतर ते किती, तरीही.

शिरोळहून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी फॉर्म डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दुसरा रकाना वाचून मान हलवली. "रक्तच होतं तर," म्हणाले. मग त्यांची नजर वर गेली.

"पहिला रकाना कोरा कसा? इथलं खोडून पुढं काहीच लिहिलेलं नाही."

"तिनं विचारायला सांगितलं होतं, सर."

"मग?"

"मी विचारलं नाही."

डॉक्टरांनी फॉर्म खाली ठेवला. काय समजायचं ते समजले असतील, किंवा नसतीलही. अर्धवट फॉर्म धरायचा नाही हा आमचा नियम होता. त्यांनी वही उघडली आणि पट्टी लावून सतरा नंबरच्या ओळीवर आडवी रेघ मारली.